तिरप्या खिडकीचा पडदा

डावी बाजू

"मालक म्हणाले, एकटी बाई नको. कोण येतं, कोण जातं, कोण बघणार? मी पुष्कळ भांडलो गं," दादा म्हणाला आणि तिच्याकडे न बघता चपला घालू लागला.

ती पडदे शिवणारी. भाड्याचं घर बघायला गेली तेव्हा मालकांसमोरच टेप काढून खिडकी मोजली. खिडकी डावीकडे चार बोटं उतरलेली. "गवंड्याची लहर," मालक हसले होते. लेकीने आपलं अंथरूण कुठे पडेल तेही ठरवून टाकलं. घरी येऊन तिने जुने पडदे खिडकीसारखेच तिरपे दुमडून शिवून ठेवले. किल्ली हातात नसताना. हुरळून जायची खोड, दुसरं काय.

घर गेलं. पण दादा भांडला होता. त्या भांडणाबद्दल तिने त्याला शर्ट शिवून दिला.

उजवी बाजू

वहिनी दुकानात आली. तिच्या भावाचं लग्न ठरलं होतं, घरही मिळालं होतं.

"पडदे तूच शिव बाई. घरचं माणूस असताना बाहेर कशाला? फक्त ती खिडकी जरा..."

"डावीकडे उतरते."

वहिनी कापडाच्या गठ्ठ्याची गाठ चाचपत राहिली.

"तुला नाही म्हणाले, मग रिकामंच पडलं होतं ना."

"मला तर त्या दिवशी मालकच विचारत होते, किल्ली कधी नेता म्हणून."

"ह्यांना त्यांनी एवढंच विचारलं, बहिणीची जबाबदारी घेता का. हे म्हणाले, मी कशी घेऊ? उद्या काही झालं तर?" वहिनीने गठ्ठा पुढे सरकवला. "आणि माझ्या भावाचीही नड होतीच की. मनाला लावून घेऊ नकोस."

मशीनवर दुसऱ्या कुणाचा तरी पडदा अर्धा शिवून पडला होता. तिने तो बाजूला केला.

"कापड ठेवून जा, वहिनी. माप माझ्याकडे आहे."

दुमड

वहिनीचे पडदे तिने नीट शिवले. सुताचाही फरक नाही.

मग घरी आपले काढले. मायलेकी दोन टोकांना बसून उसवू लागल्या.

"आई, आता सरळ शिवणार?"

"हो. पुढची खिडकी सरळ असेल."

"कशावरून?"

तिने दाताने दोरा तोडला. लेकीने कापड दिव्यासमोर धरलं. टाके सगळे निघाले होते. सुईच्या भोकांची तिरपी रेघ तेवढी उजेडात दिसत होती.