बोंब नसलेला शिमगा

"हळू बोला रं, हळू!" रचलेल्या होळीभोवती जमलेल्या माणसांना भावकू विनवत होता. "फौजदार येतोय. एक बोंब उठली तर बंदूक गेली म्हणून समजा."

ऐन शिमग्याच्या दिवशी सगळं गाव तोंडात गुळणी धरून बसलं.

खानापुराकडच्या रानाला लागून असलेल्या या गावात परवान्याची बंदूक एकच, ठासणीची, भावकूच्या नावावर. त्याचा नेम कधी डुकराला लागल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पण बार उडाला की रानडुकरं पळत आणि भात, रताळी वाचत. एवढ्यावर भावकूला गावात मान होता आणि तो त्याला मनापासून आवडत असे. यंदा बेळगावहून साहेबाचा हुकूम सुटला. ज्या गावात मारामाऱ्या होतात, त्या गावात बंदूक ठेवायची नाही. बंदूक खानापूरच्या कचेरीत जमा झाली. गाव शांत आहे असं फौजदार चौकशी करून लिहील तेव्हाच ती परत मिळणार होती.

"शेजारच्या गावात डोकं फुटलं काठीनं आनि नेली त्यांची बंदूक! ह्यो कसला कायदा?" आण्णाप्पा कुजबुजला.

"पर आता तिथं भांडणं न्हाईत म्हणं," भरमू म्हणाला.

"कशी असतील? रातभर डुकरं हाकलत्यात. भांडायला येळ कुनाला हाय?"

हसू फुटणार तोच भावकूनं डोळे वटारले. त्याची नजर मात्र पलीकडे उभ्या असलेल्या रवळूवर होती. रवळू त्याचा सख्खा मेव्हणा, त्याच्या बायकोचा, गुणाबाईचा धाकटा भाऊ. दोघांच्या बांधावर एक फणस होता. तो कुणाचा, यावरून ते असे भांडले, की बोलणं, जाणं-येणं सगळं बंद झालं. भाऊबीजेला गुणाबाई ओवाळणीचं ताट मांडायची आणि तसंच उचलून ठेवायची. बोंब मारण्यात पंचक्रोशीत रवळूचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यानं आज तोंड उघडलं तर सगळं संपलं, या धास्तीनं भावकूला घाम फुटला होता.

फौजदार घोड्यावरून उतरला. त्यानं होळी बघितली, माणसं बघितली आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आज शिमगा ना रे?"

"व्हय जी."

"मग बोंब कुठाय?"

"आमचं गाव लई शांत हाय, सायेब," भावकू हात जोडून म्हणाला.

"शांत?" फौजदारानं मिशीवर हात फिरवला. "माझी उभी नोकरी या भागात गेली. शिमग्याला बोंब नाही म्हणजे गावात मुडदा लपवलाय. शिपाई, गवताच्या गंज्या उपसा!"

शिपाई काठ्या घेऊन गंज्यांकडे निघाले. भावकूला आपलंच शहाणपण नडलं होतं. त्याला डोळ्यांपुढे बंदूक दिसेना. दिसू लागलं तुडवलेलं भात, उकरलेली रताळी आणि आपल्याकडे बघणारं गाव. एकच उपाय होता आणि तो पलीकडे हाताची घडी घालून उभा होता.

भावकू सगळ्यांसमोर चालत रवळूपुढे गेला. "रवळू," तो म्हणाला, "बोंब मार. माझ्या नावानं मार."

रवळूनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "मागनं फिर्याद करशील."

"न्हाय करत. गावाची बंदूक हाय रं."

"मग समदं बोलंन."

"बोल."

रवळूनं पालथा हात तोंडावर नेला आणि अशी बोंब ठोकली की फौजदाराचं घोडं दोन पावलं मागं सरलं. "बंदूक खांद्यावर, डुक्कर बांधावर, भावकू माळ्यावर घोरतोय रं! फणस माझ्या बाऽचा, गरा याच्या घशात रं!" इतक्या दिवसांचं साचलेलं सगळं त्यानं चव्हाट्यावर ओतलं. पहिल्यांदा बायकांत उभी असलेली गुणाबाई फिसकन हसली. मग गाव हसलं, आणि मग सगळ्या गावानं जी बोंब उठवली ती थेट रानात गेली. भावकूचे कान तापले, तरी त्याला मोठा आनंद झाला. शिव्या का असेनात, रवळू त्याच्याशी बोलत होता.

फौजदारानं शिपायांना माघारी बोलावलं. "हा तुझा वैरी का रे?"

"मेव्हना हाय जी."

"मग एकच झालं!" फौजदार पोट धरून हसला. मग त्यानं सहज विचारलं, "बंदूक कायमची जाईल या भीतीनं भांडणं थांबली का रे खरंच?"

भावकूनं विचार केला. "हातातली थांबली, सायेब. मनातली आत्ता भाईर पडली."

त्या कानठळ्या बसवणाऱ्या कल्लोळात फौजदारानं कागद काढला आणि लिहिलं, गाव अत्यंत शांत आहे. मग त्यानंच होळी पेटवायला लावली.

वैशाखात बंदूक परत आली. भावकूनं ती पुसून खुंटीला टांगली. दारात कुणीतरी काहीतरी धपकन ठेवलं आणि रवळूचा आवाज आला, "दाजी, निम्माच हाय. निम्मा माझा."

बाहेर येईपर्यंत रवळू गेलाही होता. उंबऱ्याशी अर्धा कापलेला फणस घमघमत होता. गुणाबाईनं हाताला तेल चोळलं आणि पहिला गरा सोडवला. तो तिनं भावकूला दिला नाही. ओवाळणीच्या ताटात ठेवला.