डुक्कर कुणी कुणाला द्यायचं

अगाताच्या थोरल्या नातीला पहिली मुलगी झाली, ते २००५ साल. बूगनविल बेटावरची लढाई थांबून सात वर्षं झाली होती. जमीन आईकडून मुलीकडे जाते, म्हणून मुलगी झाली की गावाला आनंद. त्या दिवशी गाव नाचलं. अगाता मात्र घराच्या शिडीवर बसून राहिली. आपले डोळे मिटायच्या आत सेवेरिनची हाडं कुळाच्या जमिनीत यावीत, एवढंच तिला हवं होतं.

सेवेरिन तिचा एकुलता मुलगा, लेकींच्या पाठचा. तांब्याच्या खाणीवरून भांडण पेटलं, तेव्हा सगळं बेट एका बाजूला आणि सरकार दुसऱ्या बाजूला होतं. मग सरकारनं नाकेबंदी केली. औषध नाही, मीठ नाही. माणसं आपसातच फुटली. सेवेरिन लष्कराच्या छावणीकडे गेला, त्याचा मावसभाऊ ऑटो रानातल्या बंडखोरांकडे. एका संध्याकाळी सेवेरिन जुन्या मळ्यात चोरून रताळी खणायला आला. ऑटोनं पाण्याच्या पाइपापासून केलेल्या बंदुकीनं त्याला गोळी घातली. कोण आहे ते जवळ गेल्यावर कळलं. पुरलं त्यानंच. जागा दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती.

लढाईनंतर गावोगाव समेट झाले. मारणाऱ्याच्या कुळानं मेलेल्याच्या कुळाला डुकरं द्यायची, एकमेकांच्या हातची सुपारी खायची, मग हाडांची जागा दाखवायची. त्याआधी दाखवली तर मेलेला मारणाऱ्याच्या लेकरांना धरतो. ऑटोची लेकरं लहान होती.

घोडं अडलं ते इथं. कूळ आईकडून येतं, आणि अगाता आणि ऑटोची आई सख्ख्या बहिणी; म्हणजे मेलेल्याचं आणि मारणाऱ्याचं कूळ एकच.

"आपणच आपल्याला डुक्कर द्यायचं?" कुळाचा म्होरक्या, अगाताचा थोरला भाऊ बोनिफास म्हणाला. "उजव्या हातानं डाव्याला द्यायचं नि तोंडानं खायचं! शेजारची कुळं हसतील."

"हसू देत, दादा."

"अगं, वाडवडिलांनी असलं काही सांगून ठेवलेलं नाही."

"आपण इतके वाया जाऊ असं त्यांना कुठं वाटलं होतं?"

"पुढच्या बैठकीत बघू."

"सात वर्षं बैठकाच बघतेय. तुमच्या बुडाला घट्टे पडले असतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच नदी ओलांडून ऑटोच्या घरी गेली. तिला पाहताच त्याच्या बायकोनं पोरं आत ओढली. ऑटो खोबरं वाळत घालत होता. तो उठून उभा राहिला.

"आई," तो म्हणाला. मावशीलाही आईच म्हणतात.

"बस. पळू नकोस, मला मागं धावता यायचं नाही."

"मामा काय म्हणाले?"

"मामा म्हणतो बैठक. तू सुपारी दे."

ऑटो जागचा हलला नाही. समेट झाल्याशिवाय वैऱ्याच्या हातची सुपारी कुणी खात नाही. चुन्यातून विष घालता येतं.

"मामांना न विचारता?"

"दे म्हणते ना."

त्यानं सुपारी आणि चुना भरलेला पोकळ भोपळा पुढं केला. अगातानं आ करून बोळकं दाखवलं.

"ही मी कशानं चावू? तुझ्या आईला शेवटी कोण कुटून द्यायचं?"

"मीच."

"मग?"

ऑटोनं आतून लाकडी खल आणला. सुपारी कुटायला लागला. कुटताना चुना सांडला.

"हळू. सगळा मातीत घालशील."

कुटलेलं त्यानं तळव्यावर धरलं. तिनं उचलून तोंडात टाकलं.

"आई, मला माफ..."

"ते विचारू नकोस. केलंय की नाही मला माहीत नाही, आणि शोधायचं त्राण नाही. राग धरायलासुद्धा अंगात बळ लागतं रे. माझा एक पोर गेला, एक राहिला. राहिलेल्याकडून मी डुकरं घेऊ?"

ऑटोनं फावडं उचललं.

"अहो, पोरांचा तरी विचार करा!" बायको आतून ओरडली.

"आईनं माझ्या हातचं खाल्लंय," तो म्हणाला, आणि निघाला.

जुन्या मळ्यात रान माजलं होतं. ऑटोनं तेव्हा खुणेसाठी लाल पानांची झुडपं लावली होती. त्यांच्या मधोमध तो खणू लागला. अगाता जवळच दगडावर टेकली. हाडं लागली तेव्हा तिनं कमरेचं वरचं लुगडं सोडून पसरलं. ती रडली नाही. एक एक हाड तिनं पुसून ठेवलं, आणि गाठोडं ऑटोच्या पाठीवर दिलं.

गावात बोनिफास आडवा आला. "ही कुठली रीत?" म्हणाला. मग गाठोड्याकडे पाहिलं, आणि स्वतःच कुदळ आणायला गेला. सेवेरिनला त्याच्या आजीशेजारी पुरलं.

ऑटोच्या लेकरांना काही झालं नाही. बैठका अजूनही होतात.

सेवेरिन १९९३च्या ऑगस्टमध्ये मेला. अगाता २००६च्या मार्चमध्ये, तापानं.