जयवंताबाईंच्या डब्यांचा स्विच

मी स्विच बोलतोय. लगेच भिंतीकडे पाहू नका, दिवे-पंखे लावणारा तो वेगळा. मी राहतो एका वेबपेजच्या पोटात, जावास्क्रिप्ट नावाच्या भाषेतल्या काही ओळींत. मला हात लावता येत नाही, पण चौक गावातल्या जयवंताबाईंच्या स्वयंपाकघरात माझ्या शब्दाशिवाय एकही डबा भरला जात नाही. थोडी फुशारकी मारतोय, मारू द्या.

माझा जन्म एका फजितीतून झाला. जयवंताबाई साजगावच्या कारखान्यांत जेवणाचे डबे पाठवतात. हाताला चव अशी, की डबा उघडला की शेजारचा मान वाकडी करून बघतो. स्मरणशक्ती मात्र यथातथाच. एका गुरुवारी त्यांनी कडक उपास करणाऱ्या माणसाच्या डब्यात अंडाकरी घातली. तो बिचारा उपाशी राहिला आणि बाईंचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. मग त्यांची भाची हर्षला, खोपोलीत कॉम्प्युटर शिकणारी, लॅपटॉप घेऊन ओट्याशेजारी बसली.

"आत्या, तू आता काय लक्षात ठेवू नको. सकाळी ज्याला जे खायचंय त्याचं बटण तो दाबील. तुला मोबाईलवर दिसंल."

आधी तिने 'जर हे असेल तर, नाहीतर ते असेल तर' अशी लांबलचक माळ लावली होती. ती तिलाच वाचवेना. तिने सगळं पुसलं आणि मला लिहिलं.

माझं काम सोपं आहे. बटणाचा शब्द माझ्याकडे येतो, मी त्याच्या नावाचं दार उघडतो. दाराला आमच्यात केस म्हणतात. पहिलं दार 'सगळं' खाणाऱ्यांचं, तिथे सुकट आणि तांदळाची भाकरी. दुसरं 'उपास', तिथे साबुदाण्याची खिचडी. मग 'साधं' आणि 'माळकरी' ही दोन दारं एकाच खोलीत उघडतात, वरण-भात आणि भाजी. प्रत्येक खोलीच्या शेवटी ब्रेक नावाची कडी असते. ती नसली तर मी थांबत नाही, तसाच पुढच्या खोलीत घुसतो. स्वभावच तसा, काय करणार! आणि सगळ्यांत शेवटी डिफॉल्ट. ज्याच्या नावाचं दारच नाही, किंवा ज्याने बटणच दाबलं नाही, तो तिथे जातो. हर्षलाने तिथेही वरण-भातच ठेवला होता. "साध्यानं कुनाचं काय बिघडत नाय," ती म्हणाली.

सगळं सुरळीत चाललं होतं. जयवंताबाई मोबाईल मिठाच्या बरणीला टेकवून ठेवायच्या आणि वाचत वाचत डबे भरायच्या. मग श्रावण आला.

"आता सुकट कोन खातंय!" आत्या आणि भाची एकदमच बोलल्या. हर्षलाने माझ्या पहिल्या दाराच्या ओळींपुढे दोन-दोन तिरक्या रेघा मारल्या. अशा रेघा मारल्या की ती ओळ मला दिसेनाशी होते. पेजवरचं 'सगळं' हे बटण काढायचं मात्र ती विसरली.

साजगावच्या कारखान्यातला रोहिदास रोज सकाळी ते बटण दाबायचा. त्याच्यासोबतचे त्याच्या वाडीतले चौघे-पाचजणही दाबायचे. शब्द माझ्याकडे यायचा, मी दार शोधायचो, दार नाही, म्हणून त्यांना डिफॉल्टकडे पाठवायचो. वरण-भात. दुसऱ्या दिवशी वरण-भात. मला कळत होतं, पण मला जेवढं लिहिलंय तेवढंच मी बोलू शकतो. फार वाईट वाटायचं.

आठवड्याभराने त्यांनी डबे बंद केले. त्यांचं पाहून आणखी काहींनी केले. जयवंताबाई पळी हातात धरून नुसत्या बसून राहायच्या.

"माझ्या हाताची चव गेली गं," त्या हर्षलाला म्हणाल्या. "श्रावन सरला की डबे बंदच करू. लोकांना आवडत नाय तर कशाला मागं लागायचं?"

हर्षलाने लॅपटॉप मिटून ठेवला. खरं कारण माझ्याच ओळींत होतं, तेही त्यात मिटलं.

रविवारी रोहिदास स्वतः रिकामा डबा परत द्यायला आला. बाईंनी चहा टाकला आणि कसंबसं विचारलं, "काय चुकलं रं माझं? मीठ कमी-जास्त झालं का?"

"चव झकास हाय, काकी. पन मी रोज 'सगळं' दाबतोय आनि रोज वरान येतंय. आमी बौद्ध मान्सं. आमच्या विहारात या दिवसांत वर्षावासाचं वाचन असतं, पन आमच्या घरी श्रावन नसतो. डब्यात सुकट चालती. मला वाटलं, तुमाला आता आमच्यासाठी रांधायचं नसंल."

बाईंच्या हातातली चहाची गाळणी तशीच राहिली. "आसं कसं वाटलं रं तुला?" एवढंच त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या. हर्षला लाल झाली होती. तिने तिथल्या तिथे लॅपटॉप उघडला आणि घाईघाईने रेघा पुसल्या. घाई झाली की माणसांचं होतं तेच झालं. ब्रेकच्या ओळीपुढच्या रेघा तशाच राहिल्या.

सोमवारी रोहिदासचा शब्द आला. मी आनंदाने पहिलं दार उघडलं, सुकट-भाकरी सांगितली, कडी दिसली नाही, तसाच उपासाच्या खोलीत शिरलो आणि साबुदाण्याची खिचडीही सांगितली. बाईंनी मोबाईल दोनदा वाचला. "हे कसलं खानं?" त्या पुटपुटल्या. पण आपल्या मनाने ठरवायचं नाही, अशी त्यांनी कालच खूणगाठ बांधली होती. सुकटीवर खिचडी गेली.

दुपारी रोहिदासचा फोन. पाठीमागे सगळा कारखाना हसत होता. "काकी, रागावलो नव्हतो एवढा! सुकट आनि उपास एका डब्यात?"

बाईही हसल्या, कितीतरी दिवसांनी. हर्षलाने माझी कडी लावली. बंद झालेले डबे एकेक करून परत सुरू झाले.

हर्षलाची मैत्रीण म्हणते, आता स्विच कोण लिहितं, याहून सुटसुटीत काही घाल. घालेलही एखाद्या दिवशी. माझं काही म्हणणं नाही. माझ्यानंतर जो कोणी येईल, त्याच्या कड्या तेवढ्या तपासा. आणि हर्षलाने नंतर माझ्यात जो बदल केला, तो त्याच्यातही ठेवा. माझ्या डिफॉल्टमध्ये आता वरण-भात नाही. तिथे लिहिलंय, 'फोन करून विचार'.

काल एका नव्या कामगाराने बटणच दाबलं नाही. बाईंनी फोन लावला. "चौक गावातून जयवंता बोलतेय. आज काय खानार रं?"

"मला इचारताय?" पलीकडून आलं. घर सोडून भाड्याच्या खोलीत राहणारा पोरगा, त्याला हे कोणी विचारलं नसावं. मग हळू आवाज आला, "तुमी द्याल ते."

"तसं नाय चालायचं, बाळा," बाई म्हणाल्या. "तू सांग. मी थांबते."