भावकीतलं मशीन

संपत हडपसरहून आयटी कंपनीची स्टाफबस चालवायचा. बसमधली चाळीस माणसं सकाळी आठ वाजता माना टाकून झोपलेली असत. एके दिवशी सिग्नलला संपतचीही मान पडली आणि बस पुढच्या रिक्षेला जाऊन टेकली. कुणाला लागलं नाही, पण कंपनीने त्याला गाडीवरून उतरवून बस धुण्याच्या कामाला लावलं. झोपेचा दवाखाना तीन महिन्यांनी प्रमाणपत्र देईल तेव्हा परत स्टिअरिंग, असं ठरलं.

आमच्या निद्रा केंद्रात त्याची तपासणी झाली. झोपेत घसा मिटायचा, श्वास अडायचा, मेंदू दचकून जागा व्हायचा आणि हे रात्रभर चालायचं. त्यामुळे दिवसा झोप येणं हा आळस नव्हता, उरलेली बाकी होती. यावर उपाय म्हणजे नाकावर मास्क लावून झोपायचं. उशाशी ठेवलेलं यंत्र त्यातून हवेचा दाब देतं आणि घसा उघडा राहतो. यंत्राने आजार बरा होत नाही. चष्म्यासारखं ते रोज लावायचं असतं. हे वाक्य रुग्णांना पुन्हा पुन्हा सांगणं, हीच माझी नोकरी.

यंत्राची नोंद मोबाइलच्या नेटवर्कवरून आमच्या संगणकावर येते. संपतची नोंद म्हणजे आदर्श होती. एक रात्र चुकलेली नव्हती. आमचे प्रमुख डॉ. गोपाळकृष्ण यांनी तो आलेख छापून भिंतीवर लावला.

मला मात्र तो आलेख जरा विचित्र वाटला. घसा जितका मिटतो तितका दाब यंत्र आपोआप वाढवतं. संपतचा दाब एका रात्री कमी, दुसऱ्या रात्री दुप्पट, आणि चौथ्या रात्री मास्कच्या कडेने हवा गळायची. अशी गळती सहसा मिशीमुळे होते.

"सर, संपत सफाचट आहे. याला दर चौथ्या रात्री मिशी कशी फुटते?"

"सरासरी बघा," डॉक्टर म्हणाले. "सरासरीला मिशी नसते. निद्रा सप्ताहात त्यांचा सत्कार ठेवलाय. प्रमाणपत्र तिथेच देऊ."

रविवारी दुपारी मी हडपसरला गेले. जुन्या शेताच्या जागी चौघा भावांची चार मजली इमारत होती, प्रत्येकाला एक मजला. दार संपतच्या बायकोने, सरुबाईने उघडलं. संपत खुर्चीत झोपला होता. हातातली चहाची बशी तिने अलगद काढून घेतली.

"मशीन कुठे आहे?"

"वरच्या मजल्यावर. आज भैरूभावजींची पाळी हाय."

"कसली पाळी?"

मला एवढंही कळत नाही याचं तिला नवल वाटलं. पूर्वी इथे चौघांच्या सामाईकीची विहीर होती. मोटर एक, पाळ्या चार. विहीर बुजवून त्यावर पार्किंग झालं, पण घरात आलेली प्रत्येक मोठी वस्तू आपोआप पाळीला लागत होती. पिठाची गिरणी तशीच फिरली, पाहुण्यांची गादी तशीच फिरली, मग मशीन.

"पण ते औषध आहे."

"मग? औषधाला भावकी नसती व्हय?"

एवढ्यात भैरूची बायको मैना जिन्यावरून आली आणि उंबऱ्यातच थांबली. "मशीन न्यायला आलाय का, ताई? आजची आमची रात्र झाल्यावर न्या."

"भैरूंना मिशी आहे?"

"आहे ना. तुम्हाला कुणी सांगितलं?"

मग समजलं. चारही भाऊ घोरतात, सगळ्यांच्या माना संपतसारख्याच जाड. पहिल्या रात्री मशीन लागलं तेव्हा सरुबाई लग्नानंतर प्रथमच सलग झोपली. सकाळी जिन्यात तिन्ही जावा भेटल्या, सुजलेल्या डोळ्यांच्या.

"म्या एकटीनं झोपायचं आन या तिघी जाग्या," सरुबाई म्हणाली. "तोंड कसं दावायचं?"

म्हणजे पाळी नवऱ्यांची नव्हतीच, बायकांची होती.

मी सांगितलं की चार रात्रींतून एकदा मशीन लावून संपत दिवसा जागा राहणार नाही. दोघींनी ऐकून घेतलं.

"कागद मिळणार न्हाय मंग?" सरुबाईने विचारलं.

"मिळेल. नोंद चांगली आहे."

"मिळतोय तर तुम्ही कशाला आलात?" मैना म्हणाली.

परतल्यावर मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी भिंतीवरच्या आलेखाकडे पाहिलं. "शाल आणलीय," ते म्हणाले. "निमंत्रणं गेलीत. कार्यक्रमानंतर बघू." पुण्यात अडचण असो की सत्य, ते कार्यक्रमानंतरच बघतात.

सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत चौघे भाऊ आणि चौघी जावा बसल्या होत्या, कारण सत्कारही सामाईकच. डॉक्टरांनी पडद्यावर आलेख दाखवला. "शिस्त म्हणजे काय, ते यांच्याकडून शिकावं." टाळ्या पडल्या, आणि त्या आवाजाने संपत जागा झाला. त्याला व्यासपीठावर बोलावून शाल घातली गेली. डॉक्टरांनी प्रमाणपत्र पुढे केलं. संपतने हात पुढे केला.

"अहो," सरुबाई उभी राहिली, "घेऊ नका ते."

संपत खाली बघत म्हणाला, "अगं, नोकरीचं हाय."

"ठावं हाय. रिक्षेतनं येताना दोनदा झोपलाय तुम्ही, माझ्या खांद्यावर. बसमध्ये कुणाचा खांदा हाय?"

संपतने हात मागे घेतला. डॉक्टरांनी घाईघाईने कागद शालीखाली सरकवू पाहिला. संपतने शालीसकट तो परत केला.

तीन महिने नव्याने मोजायचे ठरले. बाकीच्या तिघा भावांचीही तपासणी झाली. आजार त्यांनाही निघाला, पण त्यांची मशीनं यायला वेळ होता. त्या संध्याकाळी जिन्यातच बैठक बसली. शेवटी मैनाने मशीन वरून आणून सरुबाईच्या हातात दिलं.

"रोज तुमच्याकडेच राहू दे. आम्ही जागू. पण जाऊबाई, सकाळी झोप छान झाली म्हणून सांगत येऊ नका."

तीन महिने भरले, खरं प्रमाणपत्र मिळालं आणि संपत आता बस चालवतो; बाकी तिघांची मशीनं मात्र अजून यायचीच आहेत. पुढच्या खेपेला गेले तेव्हा सरुबाईचा चेहरा टवटवीत दिसला. मी तसं म्हणणार, एवढ्यात वरच्या मजल्याचं दार वाजलं. तिने पटकन डोळे चोळले आणि एक लांबलचक, अगदी खोटी जांभई दिली.