पट्टीवरची पाचवी जागा

बोलता न येणाऱ्या मुलांसाठीच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये घराचं चित्र म्हणजे धुराडं असलेला बंगला आणि जेवणाचं चित्र म्हणजे बर्गर. केनवडजवळच्या वस्तीवर बर्गर कोण खातं, हे ते बनवणाऱ्याला एकदा विचारावंसं वाटलं मला. सगळी चित्रं उडवली. संगीताची भाकर, तिच्या घरातला तांब्या, असे मोबाइलवर फोटो काढले आणि त्यांचेच आयकॉन केले.

संगीता माझी शाळेतली मैत्रीण. सातवीनंतर तिच्या लग्नाचं बघायला लागले, पुढे ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाऊ लागली. मी रिसोडला कॉम्प्युटर क्लास काढला. तिची मुलगी गंगू नऊ वर्षांची. डोकं तल्लख, पण जन्मापासून बोलता येत नाही आणि हातपाय ऐकत नाहीत. उजवा हात तेवढा सरकतो. मागच्या हंगामात आईबाप कारखान्यावर गेले आणि गंगू आजीजवळ राहिली. पोरगी रडत होती. आईची आठवण येत असेल म्हणून सगळे तिला थोपटत बसले. कानातून पू वाहायला लागला तेव्हा कळलं की कान दुखत होता. त्या कानानं तिला आता ऐकू येत नाही.

म्हणून क्लासमधला जुना कॉम्प्युटर मी यंदा तिच्या घरी मांडला. कारखान्यावर नेणारा ट्रक दुपारी येणार होता आणि माझं काम संपत नव्हतं. गंगूला माउस स्वतःकडे ओढता येतो, त्यामुळे बाण खाली येऊन स्क्रीनच्या काठाला टेकतो आणि मग काठाकाठानं कसाबसा आडवा सरकतो. म्हणून चित्रं तिथंच, खालच्या काठाला, एका जाड पट्टीत ठेवली. बाण ज्या चित्रावर थांबेल त्याचा शब्द वाजायचा, संगीताच्या आवाजात. चित्रं लहान केली की गंगूचा नेम चुकायचा. मोठी केली की पाचच मावत. अख्ख्या हंगामाचं बोलणं पाच चित्रांत कसं बसवायचं? मला रडू यायला लागलं होतं, आणि रडू आलं की मी लोकांवर ओरडते.

"काय काय ठेवायचं, सांग ना लवकर!" मी संगीतावर खेकसले.

पाणी, भाकर, संडास, दुखते. ही चार ठरली होती. पाचव्या जागी मी संगीताचा फोटो लावला होता.

"माहा फोटो काढून टाक," ती म्हणाली.

"काहून?"

"ते दाबन अन् मी येनार नाई. रोज दाबन, रोज येनार नाई. कायले ठेवतं तो?"

मी फोटो काढून टाकला. पाचवी जागा रिकामी राहिली.

"तिथं 'नको' टाकू," मी म्हटलं. "पोट भरलं तरी आजी घास कोंबत राहते तिले."

संगीताला ते पटलं. तिनं तळहात पुढे धरला, मी फोटो घेतला. 'नको' दोनदा रेकॉर्ड करावं लागलं, कारण पहिल्या खेपेला कोंबडा मध्येच आरवला.

"गंगू, पानी पायजे?" आजीनं विचारलं. आजी म्हणजे जमनाबाई, संगीताच्या नवऱ्याची, रविकांतची आई.

बाण खाली आला, डगमगत कोपऱ्यात गेला. "नको."

"भाकर?"

"नको."

"बापावर गेली पोट्टी!" जमनाबाई म्हणाली आणि आम्ही सगळे पोट धरून हसलो. गंगूही तोंड उघडून हसली. मला वाटलं, जमलं बाई एकदाचं.

तेवढ्यात ट्रकचा हॉर्न वाजला. रविकांतनं बोचकी उचलली. संगीता गंगूपुढे बसली, तिचं तोंड पुसलं, केस मागे सारले.

"येतो बरं मी, गंगू."

गंगूनं माउस ओढला.

"नको."

संगीताचाच आवाज. संगीता उठून दोन पावलं मागे सरली.

"नको. नको."

गंगू रडत नव्हती. सगळा जीव त्या एका हातात आणून ती बाण कोपऱ्यात नेत होती. घसरला की परत नेत होती. हे मी शिकवलं होतं तिला! त्या क्षणी मला माझाच इतका राग आला की कॉम्प्युटर उचलून अंगणात फेकावासा वाटला.

"ताई, आवाज बंद करा ना तो," रविकांत दारातून म्हणाला. "असं आयकत ते कशी निंगन?"

मी स्पीकरकडे हात नेला.

"हात लावू नको!" संगीता ओरडली. "बोलू दे तिले. जनमल्यापासून पैल्यांदा मले काही सांगून राह्यली ते."

आणि ते सगळं ऐकत ती ट्रकमध्ये जाऊन बसली.