फुलझाडांखालचा व्हॉल्व्ह

मित्रांनो, आमच्या औद्योगिक वसाहतीत कधी आलात, तर फाटकातून आत शिरल्यावर पहिल्या वळणाशी एक गोल लोखंडी झाकण दिसेल. त्यावर पाय देऊन खुशाल पुढे जा, मला सवय आहे. त्या झाकणाखाली, कमरेइतक्या खोल चेंबरमध्ये मी राहतो. मी एक जुना पाण्याचा व्हॉल्व्ह आहे. आता व्हॉल्व्ह म्हटल्यावर न्हाणीघरातली तोटी डोळ्यांसमोर आणू नका हं! अख्ख्या वसाहतीचं पाणी माझ्या पोटातून जातं. लहान-मोठे मिळून साठ कारखाने आहेत इथे, आणि त्यांतला एकही माझ्यावाचून हात धुऊ शकत नाही. थोडी बढाई मारतो आहे, पण खरी आहे ती.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतलं आणि मला आकार आला. पोटात वरखाली सरकणारा एक पडदा बसवला आणि तो फिरवायला पितळी दांडा दिला. मग माझी दोन्ही तोंडं बंद करून आत जोरानं पाणी भरलं. तिथल्या फोरमननं खिशातला रुमाल काढून माझ्या सांध्यासांध्यावरून फिरवला, रुमाल उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाला, "कोरडा आहे. पाठवा." माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. अजून लक्षात आहे.

एक गोष्ट मात्र माझ्यात वेगळी होती. बहुतेक व्हॉल्व्ह उजवीकडे फिरवले की बंद होतात. मला डावीकडे फिरवलं की मी बंद होतो. त्या वर्षी आमच्याकडे दोन्ही तऱ्हेचे व्हॉल्व्ह निघायचे आणि माझ्या वाट्याला डावा हात आला, इतकंच. त्यात काही खोट नाही. पण ही गोष्ट माहीत असावी लागते.

मी इथे आलो तेव्हा वसाहतीत फक्त चार पत्र्याच्या शेड होत्या आणि बाकी गवत. माझी देखभाल ज्यांच्याकडे होती त्यांना सगळे मामा म्हणत. मामा किडकिडीत होते, फटकळ होते आणि वेळेचे पक्के होते. त्यांच्याकडे त्यांच्या खांद्याएवढी उंच लोखंडी चावी होती. ती माझ्या दांड्यावर बसवून ते मला फिरवत. पहिल्याच दिवशी त्यांनी चावी उजवीकडे रेटून पाहिली, डावीकडे रेटून पाहिली आणि हसून म्हणाले, "अच्छा! डावरा आहेस होय तू?" तेव्हापासून मी डावऱ्याच झालो.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मामा यायचे. काम असो नसो, मला पूर्ण बंद करायचे आणि पुन्हा उघडायचे. अठरा फेरे बंद करायला, अठरा उघडायला. उघडून झाल्यावर अर्धा फेरा मागे घ्यायचे, म्हणजे मी गच्च बसून राहायला नको. तेवढ्या वेळात कारखान्यांचं पाणी जायचं आणि आरडाओरडा सुरू व्हायचा. "अहो मामा, चांगलं चालतंय ना पाणी? मग कशाला उगाच हात लावता?" मामा मान वर न करता म्हणायचे, "चालतंय म्हणूनच हात लावतो. बंद पडल्यावर हात लावायला डॉक्टर लागतो." लोक हसायचे. फेऱ्यांकडे मात्र कुणी बघायचं नाही.

चार शेडच्या साठ शेड झाल्या. सगळ्यांत शेवटी, उताराच्या टोकाला एक खोक्यांचा कारखाना आला. तो एका बाईंनी काढला. त्यांना सगळे खोकेवाल्या ताई म्हणू लागले. सुरुवातीला दोघी जणी आणि पुठ्ठ्याला पिना मारायचं एक हातमशीन, एवढंच होतं. पुढे चौदा जणी झाल्या. ताई रोज सकाळी जाता जाता मामांना चहाला हाक मारायच्या आणि मामा रोज "आज नको, घाई आहे" म्हणायचे आणि तरी रोज चहाला जायचेच.

पुढे मामा निवृत्त झाले. त्यांच्या जागी कुणाला नेमलंच नाही, कारण पाणी तर येतच होतं! शेवटच्या दिवशी चावी घेऊन ते वसाहतीच्या कार्यालयात गेले. "ही कुणाच्या हाती देऊ?" असं त्यांनी विचारलं. तिथल्या कारकुनानं कागदातून डोकं न काढता सांगितलं, "ठेवा त्या कोपऱ्यात." मामांनी ठेवली. पुढे वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून ती चावी दाराला टेकण म्हणून लावली गेली. माझी चावी! ऐकून माझा जीव वरखाली झाला.

मग वसाहतीला नवे अध्यक्ष मिळाले. त्यांचा नटबोल्टचा कारखाना होता आणि स्वभाव असा की टेबलावरचा कागदही वाकडा दिसला तर सरळ करतील. लोक त्यांना मागून 'टापटीप साहेब' म्हणायचे. हसू नका, कारण त्यांनी खरंच चांगली कामं केली. वळणावरचा कचऱ्याचा ढीग हलवला. तुंबलेली गटारं उपसली. रस्त्यावर दिवे लावले, त्यामुळे संध्याकाळी कामावरून सुटणाऱ्या बायका गप्पा मारत, रमतगमत घरी जाऊ लागल्या. पूर्वी त्या झपझप चालायच्या. मला पावलांवरून कळायचं.

पण सुधारणेच्या भरात त्यांनी वळणावर सिमेंटचे ठोकळे बसवले आणि मधोमध एक गोल कट्टा बांधून त्यात माती भरली. वर फुलझाडं लावली. त्या कट्ट्याच्या बरोबर खाली होतो मी.

मित्रांनो, अंधाराचं मला काही नाही, मी अंधारातच वाढलो. पण मामा निवृत्त झाल्यावर पहिला सोमवार आला आणि गेला. दुसरा आला, गेला. दोन वर्षं मला कुणी फिरवलं नाही. दांड्यावर गंजाचा थर बसला, वरून मुळं उतरली. साहेब रोज स्वतः झारीनं झाडांना पाणी घालायचे आणि ते झिरपून माझ्या डोक्यावर पडायचं. शंभर माणसं कट्ट्यापाशी थांबून म्हणायची, "वा, काय शोभा आली!" मला वाईट वाटायचं. खोटं कशाला बोलू?

आणि मग तो दिवस आला. सकाळचे अकरा वाजले असतील. फाटकाजवळ नव्या स्वागत-फलकासाठी खड्डा खणत होते. खणता खणता पहार थेट मोठ्या पाइपात घुसली. माझ्या पोटातलं पाणी एकदम सुसाट धावायला लागलं. पाणी उसळलं, रस्त्यावर आलं आणि उतारावरून निघालं ते थेट खोक्यांच्या कारखान्याकडे.

त्या दिवशी ताईंच्या शेडमध्ये औषधांच्या कंपनीसाठी बनवलेली खोकी छपरापर्यंत रचलेली होती. दुसऱ्या दिवशी ती जायची होती. एवढं मोठं काम त्यांना पहिल्यांदाच मिळालं होतं आणि ते वेळेवर पोचलं तरच वर्षभराचं काम मिळणार होतं. पुठ्ठ्याला पाणी लागलं की तो संपलाच. ताई धावत वळणावर आल्या. एवढ्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "साहेब, पाणी बंद करा! माझ्या चौदा जणींचं काम वाहून जाईल!"

"करतो, करतो! मुख्य व्हॉल्व्ह कुठाय?" साहेबांनी विचारलं.

कुणालाच माहीत नव्हतं. कार्यालयातून जुना नकाशा आणला, त्यावर नुसतं 'वळणाशी' असं लिहिलेलं. एकानं भिंतीकडे खणायला घेतलं, दुसऱ्यानं गटाराची झाकणं उचलली. साहेब कट्ट्यावर उंच उभे राहून हातवारे करत होते आणि मी त्यांच्या पायाखाली! काखेत कळसा आणि गावाला वळसा. ओरडता येत असतं तर ओरडलो असतो.

शेवटी ताईंनीच एकीला स्कूटरवरून मामांच्या घरी पिटाळलं. मामा आले. दोन वर्षांनी त्यांची पावलं ऐकली, आधीपेक्षा हळू पडत होती. ते म्हणाले, "साहेब, जरा खाली उतरा. तुम्ही उभे आहात, त्याच्या खालीच आहे."

साहेब खाली उतरले. मग साहेबांनी पहिलं झाड स्वतःच्या हातांनी उपटलं. घाव पडले, कट्टा फुटला, माती बाजूला झाली आणि माझं झाकण निघालं. दाराची टेकण झालेली चावीही आली. एका दणकट वेल्डरनं ती माझ्यावर बसवली, तिला लांब नळी जोडली आणि सगळ्या ताकदीनं उजवीकडे रेटली. अर्धा फेरा सोडला तर मी आधीच पूर्ण उघडा होतो, आणखी जाणार कुठे? माझा दांडा करकरला. अजून एक हिसका बसता तर तुटलाच असता.

"अरे थांब, थांब! डावरा आहे तो!" मामा ओरडले. त्यांनी चेंबरच्या काठावर बसकण मारली. "डावीकडे घे. जोर नको. दोन पुढे, एक मागे. गंज सुटू दे त्याचा."

वेल्डर फिरवू लागला आणि मामा मोजू लागले. अकराव्या फेऱ्याला मी अडलो. मुद्दाम नाही हो, सांधेच धरले होते! पुन्हा मागे, पुन्हा पुढे. बारा. तेरा. अठराव्या फेऱ्याला माझा पडदा खाली टेकला आणि पाणी थांबलं.

तिकडे चौदा जणींनी खोकी टेबलांवर, मशिनांवर, डोक्यावर धरून ठेवली होती. खालच्या दोन ओळी भिजून गेल्या, बाकीची वाचली. ताईंनी कंपनीला फोन करून खरं ते सांगितलं, दोन दिवस मागून घेतले आणि कंपनीनं दिले.

रात्रीत फुटका पाइप सांधला गेला आणि दुसऱ्या दिवशी सगळे कारखानदार माझ्या चेंबरभोवती जमले. जो तो साहेबांवर तुटून पडला. "फुलं पाहिजे होती ना, घ्या फुलं!" "आम्ही तेव्हाच म्हणत होतो!" खरं तर तेव्हा कुणीच काही म्हणालं नव्हतं, उलट कट्ट्यापाशी उभं राहून फोटो काढले होते. साहेब मान खाली घालून ऐकत होते. एवढंच म्हणाले, "चुकलं माझं. विचारायला हवं होतं."

तेवढ्यात मामा बोलले. "त्यांना कशाला बोलता? चूक माझी आहे."

सगळे त्यांच्याकडे वळले.

"ठोकळे बसवत होते, त्या दिवशी मी इथून चाललो होतो. डोळ्यांनी बघितलं. हे लोक झाकण बुजवताहेत, हे मला कळलं होतं. एक शब्द टाकायचा होता फक्त. नाही टाकला." मामांनी चावीकडे पाहिलं. "वाटलं, कामापुरता मामा झालो मी. चावी कोपऱ्यात ठेवायला सांगितली मला. म्हटलं, अडू देत एकदा यांचं. मग येईल आठवण. आठवण आली, पण पाणी कुणाच्या दारात शिरलं? जिनं मला रोज चहा पाजला, तिच्या."

मित्रांनो, मी लोखंडाचा आहे, तरी ते ऐकून मला कसंसंच झालं. मामांना मी देवासारखं मानत होतो. मला अंधारात सोडून ते मुकाट्यानं निघून गेले होते, हे मला माहीतच नव्हतं. रागही आला. आणि त्यांच्या आवाजाकडे लक्ष गेलं, तेव्हा तो राग टिकलाही नाही.

ताई पुढे आल्या. मग म्हणाल्या, "मामा, तुमचा राग बरोबर होता. पण रागावायचं तर तोंडानं रागवा हो. असं गप्प बसून नका रागावू. आम्हाला कळत नाही." आणि चावी उचलून त्यांनी मामांसमोर धरली. "चला, शिकवा मला. आत्ताच. डावीकडे ना?"

मामांनी डोळे पुसले आणि लगेच खेकसले, "अशी नाही धरायची! पाठ मोडेल. पाय फाकवून उभ्या राहा आधी!"

त्या दिवशी ताईंनी मला फिरवलं, मग वेल्डरनं, मग साहेबांनीही. साहेबांचा फेरा वाकडा जात होता, मामांनी त्यांनाही सोडलं नाही. मामा सांगत गेले आणि कार्यालयातला कारकून वहीत लिहून घेत गेला. यावेळी त्यानं डोकं वर केलं होतं. फुलांचा नवा कट्टा चार पावलं पलीकडे झाला. तोही छान दिसतो, मी काही फुलांचा वैरी नाही.

मित्रांनो, रस्ते नवे करा, दिवे लावा, फुलंही लावा. फक्त काहीही बुजवण्याआधी खाली कोण आहे ते बघा. तुमच्या शाळेतही पाण्याची टाकी धुणारं, दिव्यांची बटणं सांभाळणारं, कुठली खिडकी कशी अडते हे जाणणारं कुणीतरी असेलच. त्यांना आजच जाऊन विचारा, हे काम तुम्ही कसं करता? आधी पाच मिनिटं ते कुरकुर करतील, "आता आली होय आठवण?" म्हणतील. तेवढी ऐकून घ्या. मग सगळं सांगतील.