निमुळतं पांघरूण

दयारामने सुईचं वाकडं टोक टाक्यात खुपसलं, जोरात ओढलं, आणि लोकरीचा धागा मधोमध चिरून त्याचा अर्धाच पदर बाहेर आला.

"च्यायला!"

"जोर कशाला लावता? लाँचचा दोर हाय का तो?" पडवीतल्या बाजेवर उशीला टेकलेली केसर म्हणाली. "मागं घ्या. सगळे पदर धरा. हां, असं."

त्याने निमूट मागे घेतलं. बायको क्रोशा घेऊन बसली की ‘आज कुठल्या माशाचं जाळं?’ म्हणून हसणारा हाच माणूस. दिघी ते आगरदांडा लाँचवर तीस वर्षं तिकिटं फाडलेली त्याची बोटं, त्यांत ती सुई दिसायचीसुद्धा नाही. पण गणपतीनंतर केसरच्या अंगावरून वारं गेलं. बोलणं परत आलं, पाय ओढत का होईना चालायला लागला, उजवा हात मात्र गेला तो गेलाच. हातातली सुई गळाली ती अर्ध्या पांघरुणात. पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचं साधं पांघरूण, नुसत्या खांबांच्या, म्हणजे उभ्या टाक्यांच्या ओळींचं, शिवानीच्या होणाऱ्या बाळासाठी.

शिवानी त्यांची एकुलती एक. खाडीपलीकडे आगरदांड्याला राहायची. तीन वर्षांपूर्वी तिने संघर्षशी रजिस्टर लग्न केलं. मुलगा शाळेत मास्तर, सुपारीचंही व्यसन नाही. पण आपल्यातला नाही, एवढं दयारामला पुरलं. "हे दार तुला बंद," म्हणाला आणि त्यानंतर त्याने खाडी ओलांडली नाही. त्याच महिन्यात निवृत्त झाला, त्यामुळे निमित्तही उरलं नाही. पडवीतून मात्र पलीकडचं सगळं दिसायचं. भरदुपारी पाणी आणि आभाळ एकात एक मिसळून जायचं आणि पलीकडची घरं मधल्यामध्ये कुठेतरी तरंगत असायची. त्यातलं निळ्या पत्र्याचं घर तिचं. तिकडे बघायचं नाही असं ठरवलेला हा बाबा रोज नेमका तिकडेच तोंड करून बसायचा.

पहिलं बाळंतपण माहेरी होत असतं, एवढंच केसर एकदा म्हणाली होती. तो उठून परसात गेला. ती पुन्हा त्या विषयावर बोलली नाही, लोकर घेऊन बसली. हात गेल्यावर चार दिवस नुसती सुईकडे बघत राहिली आणि पाचव्या दिवशी रडली, हुंदके देऊन, शेजारी ऐकू जाईल इतकी. चाळीस वर्षांच्या संसारात दयारामने तिला असं रडताना बघितलं नव्हतं.

"आण इकडं," तो म्हणाला. "तुझ्यासाठी करतोय. तिच्यासाठी न्हाय."

"व्हय तर. माझ्यासाठीच," केसर म्हणाली.

पौष लागेस्तोवर त्याचा हात बसला. सुईवर धागा, टाक्यात सुई, ओढा, दोनातून काढा, पुन्हा दोनातून काढा. ओळ संपली की तीन साखळ्या घालून वळा. तो हे पुटपुटत राहायचा आणि ऐकता ऐकता केसरचा डोळा लागायचा. भरतीचं पाणी धक्क्याच्या पायऱ्या चढायचं, उतरायचं. पुटपुटता पुटपुटता त्याचीही मान कलायची. एकदा त्या गुंगीत त्याला दिसलं, की मांडीवरचा लोकरीचा गुंडा गडगडत पडवीबाहेर गेला, पाण्यावरून निघाला, आणि पलीकडे निळ्या पत्र्याखाली कुणीतरी बसून तो पिवळा धागा हळूहळू आपल्याकडे ओढून घेतंय. दचकून जागा झाला तेव्हा गुंडा पायाशीच होता. त्याला उगाच चुकल्यासारखं वाटलं.

शेजारची सोनाबाई दर आठवड्याला आगरदांड्याला जायची. पांघरूण तिच्यासोबत पाठवायचं ठरलं होतं. ती आली, कितपत झालंय बघू म्हणाली आणि दयारामच्या मांडीवरची ती वळकटी तिने पडवीभर पसरली.

"अगं बाई!" तिने पदर तोंडाला लावला. "दयाराम भाऊ, हे पांघरूण हाय का होडीचं शीड?"

खाली केसरने घातलेल्या ओळी ऐसपैस, सरळ. तिथून वर दोन्ही कडा आत आत येत गेलेल्या, आणि सुई अडकवलेलं टोक जेमतेम दोन वितींचं. सोनाबाई हसत हसत घरी गेली. दयाराम केसरकडे वळला.

"तुला दिसत होतं?"

"तिसऱ्या ओळीपासून."

"मग तोंड शिवलं होतंस काय?"

त्याने सुई उपटली आणि सुटलेला धागा बोटाला गुंडाळला. एक हिसका दिला की सगळं भराभरा उसवत गेलं असतं.

"उसवा," केसर म्हणाली. "तेव्हा सांगितलं असतं तर तेव्हाच उसवलं असतं. आणि एकदा उसवलं की तुम्ही परत हातात घेत न्हाय. मला तुमची रीत ठाऊक हाय." तिने डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. "सरळ का वाकडं, मला त्याचं काय न्हाय. रोज दुपारी तुम्ही आपल्या पोरीसाठी कायतरी करत होतात. तेवढं मला बघायचं होतं."

दयारामने बोटाचा धागा सोडला. निमुळतं टोक मांडीवर ओढून त्याने दोन्ही कडा चाचपल्या.

"चुकतंय कुठं पण?"

"तोंडानं न्हाय सांगता येत. हातानं दाखवायला लागतं."

कुणाच्या हाताने, हे तिने सांगितलं नाही. केसरशिवाय क्रोशा येणारं घरचं एकच माणूस होतं, खाडीपलीकडे. दयाराम उठला, खुंटीवरची टोपी घातली, पांघरूण पिशवीत कोंबलं.

"बाजारात जाऊन येतो," म्हणाला.

बाजार होता दुसऱ्या बाजूला. केसरने त्याला धक्क्याकडे जाताना बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

शिवानीने दार उघडलं, कमरेवर हात ठेवून, सातव्या महिन्याचं पोट पुढे. त्याने पिशवीतून पांघरूण काढून तिच्यापुढे धरलं.

"बघ जरा, कुठं चुकलंय."

ती उंबऱ्यातच बसली. पांघरूण पोटावर पसरून एका कडेवरून तिने बोट फिरवत नेलं.

"कुणी केलं हे?"

"मीच. आणि कोण करणार?"

तिला हसू आलं, मग तेच हसू डोळ्यांतून गळायला लागलं. "बाबा, तीन साखळ्या घालून तुम्ही वळता ना, तो त्या ओळीचा पहिला खांब असतो. परत येताना त्याच्या डोक्यावर एक खांब घालायचा. तो तुम्ही दर ओळीला सोडलाय."

"सगळं उसवायचं मग?"

"कशाला? इथून पुढं दर ओळीला एक वाढवत न्यायचा. मधे बारीक राहील. राहू दे."

"किती सोडलेत मी?"

ती मोजत वरपर्यंत आली. "सदतीस."

"म्हणजे सदतीस ओळी." त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. "दोन महिने जातील. तिकडं बसून कर. तुझ्या आईला समोर केलेलं लागतं."

शिवानीने मान वर केली. तो अंगणातल्या तुळशीकडे बघत होता.

"संघर्ष शाळेत गेलेत," ती हळूच म्हणाली.

"मग फोन कर त्याला. रविवारी जेवायला ये म्हणावं. येताना तुझं बाकीचं सामान घेऊन ये म्हणावं."

आगरदांड्याच्या धक्क्यावर तिकिटाच्या खिडकीत विनेश होता, दयारामच्याच हाताखाली शिकलेला. त्याला बघून तो उभाच राहिला.

"काका, तुम्ही? तुमच्याकडून कसलं तिकीट घ्यायचं? बसा लाँचमध्ये."

"तिकिटाशिवाय कधी कुणाला सोडलंय मी? दोन फाड." दयारामने एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात शिवानीचा दंड घट्ट धरला होता. "तिसऱ्याचं अजून लागत न्हाय. नियम मला ठाऊक हाय."